रिकाम्या खलबत्त्याचे प्रयोग

आमच्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये त्या हिवाळ्यात रोज पहाटे एक प्रयोग व्हायचा. स्थळ : स्वयंपाकघर. पात्रं : मी आणि एक लोखंडी खलबत्ता. प्रेक्षक एकच, तोही भिंतीपलीकडच्या खोलीत, रजईत. मी ओट्यावरचा दिवा लावायचे, शालीचं टोक कमरेला खोचायचे, विंगेतून एंट्री घेणाऱ्या नटीसारखा एक खोल श्वास घ्यायचे आणि बत्ता उचलून कुटायला लागायचे. टण्, टण्, टण्. मध्येच थांबून बांगड्या वाजवायच्या, ‘हुश्श’ म्हणायचं, तेही भिंतीपलीकडे पोचेल असं, आणि पुन्हा टण्, टण्.

खलात काही नसायचं.

आलं-लसणाची पेस्ट बाटलीतली होती, खोबरं गोठवलेल्या पाकिटातलं, दाण्याचं कूट तयार आणलेलं. घरात कुटण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उरला होता फक्त आवाज, आणि तो मात्र मी रोज ताजा, घरच्या घरी काढत होते.

हे असं का, ते सांगते. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात काम करते. नवऱ्याचं ऑफिस नोएडात, म्हणजे मेट्रोच्या ब्लू लाइनच्या या टोकाला आमचं घर आणि त्या टोकाला त्याची खुर्ची. तो रोज एवढा प्रवास करतो की तेवढ्यात आपल्या गावाकडे, सोलापूरला निघाला असता तर महिन्याभरात पोचला असता. लेक अकरावीत, शाळा आणि क्लास यांच्यामधल्या वेळेत ती आमच्याकडे राहते. अशा घरात स्वयंपाक कोण करतं? फ्रीजर करतो. मी तर त्याला घरातलं चौथं माणूस मानत आले आहे. गोठवलेले पराठे, मटार, पिशवीतलं डोशाचं पीठ, नुसतं गरम पाणी ओतून होणारा उपमा, आणि काही संपलंच तर दहा मिनिटांत दारात सामान आणून देणारं ॲप. मला याची लाज वगैरे कधी वाटली नाही. ऑफिसात डबा उघडला की मैत्रिणी विचारायच्या, “पराठे कब बनाती हो यार?” आणि मी गूढ हसायचे. मला गूढ हसता फार छान येतं.

आणि मग बाबा येणार असं ठरलं.

बाबा म्हणजे माझे सासरे. सोलापूरला शाळामास्तर होते, मराठी शिकवायचे आणि दर वर्षी स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कोणी दारातून आत आलं की बाबा आधी त्याची चाल बघतात आणि मग चौकशी करतात. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या हाताची आमच्या सगळ्या नात्यागोत्यात कीर्ती होती. रोज सकाळी खलबत्ता, रोज ताजी शेंगाची चटणी, काळा मसाला घरचा, तयार लोणचंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्या गेल्यावर बाबा एकटेच राहत होते. एकदा न्हाणीघरात घेरी येऊन पडले. दूधवाल्याने हाका मारून मारून शेवटी शेजाऱ्यांना उठवलं, म्हणून कळलं. फार लागलं नव्हतं. पण तेव्हापासून नवरा रोज सकाळी फोन लावायचा आणि पलीकडून ‘हॅलो’ येईपर्यंत त्याचा चेहरा बघवायचा नाही. चहा गार व्हायचा, तो तसाच उभा.

बाबा दोन महिन्यांसाठी यायला तयार झाले. होळी झाली की दुसऱ्या दिवशी परतीची गाडी, तिकीट त्यांनी स्वतःच काढून ठेवलेलं. आम्हाला ते कायमचे इथे हवे होते. नवऱ्याला तर हवेच होते, आणि मलाही. त्यात माझा स्वार्थ होता. माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारा, योग्य जागी ‘मग?’ म्हणणारा दुसरा माणूस मला सासरी मिळालेला नाही.

“दोन महिन्यांत त्यांना इथे राहावंसं वाटायला हवं,” मी म्हटलं.

“बाबांना पाकिटातलं चालत नाही,” नवरा म्हणाला. “आईने कधी घरात येऊच दिलं नाही.”

“मग?”

“मग बघ यार.”

‘मग बघ यार’ हा आमच्या संसारातला कामवाटपाचा करार आहे. मी बघायला घेतलं.

नेपथ्यापासून सुरुवात केली. बाटलीतली पेस्ट चिनी मातीच्या बरणीत गेली. तयार मसाले स्टीलच्या डब्यांत गेले. गोठवलेला सगळा माल आईस्क्रीमच्या रिकाम्या फॅमिली पॅकमध्ये भरला, कारण बाबांना मधुमेह, आईस्क्रीमच्या डब्याला ते हात लावणार नाहीत. या हुशारीबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. रिकामी पाकिटं बाहेर न्यायचं काम लेकीकडे होतं. लेक ती दप्तरात कोंबून खाली सोसायटीच्या कचराकुंडीत टाकायची आणि व्हॉट्सॲपवर मला फक्त एक शब्द पाठवायची : ‘डन’. आणि खलबत्ता माळ्यावरून काढला. लग्नात सासूबाईंनी दिलेला तो, माळ्यावर जाण्याआधी गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून अधूनमधून कामी येत होता.

“मम्मा, ये क्या है?” लेकीने विचारलं.

“खलबत्ता.”

“ओके. आणि याचं करतात काय?”

“याचं,” मी म्हटलं, “नाटक करतात.”

बाबा आले आणि प्रयोग सुरू झाले. पहिल्याच सकाळी मी तासभर आधी उठून असं काही कुटलं की खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा काळजीने म्हणाल्या, “बेटा, रेनोवेशन करा रहे हो? बता देते, हम बहन के यहाँ चले जाते.”

“नहीं आंटी, चटनी कूट रही थी.”

“इतनी सुबह? कितने लोगों की?”

नाश्त्याच्या टेबलावर बाबांनी उपम्याचा घास घेतला. उपमा गरम पाण्याचा होता, पण वरून मी खरी कोथिंबीर चिरून घातली होती. त्यांनी सावकाश चावलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, “सूनबाई, फार कष्ट घेता हो तुम्ही.”

बाबा एरवी मला ‘अगं’ म्हणतात. ‘सूनबाई’ आणि ‘तुम्ही’ आलं की समजायचं, काहीतरी शिजतंय. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी टाळ्या ऐकत होते.

त्यानंतर मी वाहवत गेले, हे कबूलच करते, आणि मजा आली हेही कबूल करते. पिठाचा हात गालाला पुसून बाहेर यायचं. कपाळावरचा घाम मनगटाने टिपायचा, दिल्लीच्या जानेवारीत, तीन स्वेटरांवर. तव्यावर थेंबभर तूप टाकून धूर करायचा आणि गोठवलेले पराठे त्या धुरातून बाहेर आणायचे. नवऱ्यालाही मी एक वाक्य पाठ करून दिलं होतं. घास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, “बाबा, आईच्या हातची आठवण आली की नाही?” तो नट म्हणून अगदीच लाकूड आहे. कधी घास घ्यायच्या आधीच म्हणायचा, कधी पाणी पिताना. पण बाबा दर वेळी गंभीरपणे मान डोलवायचे. “आली. आली.”

इकडे मी ऑफिसला जाताना मेट्रोत उभ्या उभ्या झोपायला लागले. दोनदा तर गाडी बदलायचं स्टेशन, राजीव चौक, येऊन गेलं तरी मला पत्ता नाही. संध्याकाळी घरी आले की बाबा माझ्याकडे बघत राहायचे, काही बोलायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. मला वाटायचं, सासूबाईंची आठवण येत असेल. मी दुसऱ्या दिवशी आणखी दहा मिनिटं जास्त कुटायचे.

परतीच्या तिकिटाबद्दल मात्र बाबा अवाक्षर काढत नव्हते. नवरा आडून आडून विचारायचा, “इथली हवा मानवली ना बाबा तुम्हाला?” दिल्लीची हवा! हिवाळ्यात! बाबा खिडकीबाहेरच्या करड्या धुरक्याकडे बघून म्हणायचे, “चावून खावी अशी आहे.” आणि विषय संपायचा. होळी जवळ येत चालली तसा नवरा पुन्हा सकाळी चहा गार करायला लागला. माझ्याकडे एकच शेवटचा अंक शिल्लक होता : पुरणपोळी.

आता इथे दिल्लीतल्या मराठी माणसाची एक खास अडचण आहे. आपली पुरणपोळी होळीच्या दिवशी. दिल्लीची सुट्टी दुसऱ्या दिवशी, रंगाची. म्हणजे ज्या दिवशी डाळ शिजवायची, पुरण वाटायचं, कणीक तिंबायची, त्या दिवशी आपण ऑफिसात, समोर फायलींचा ढीग, आणि शेजारचा सहकारी गुजिया, म्हणजे इकडच्या खव्याच्या करंज्या, वाटत हिंडतोय. इतकी वर्षं आम्ही गुजियावर भागवत होतो. पण या वेळी भागणार नव्हतं.

आमच्यापासून दोन सेक्टर सोडून एक काकू राहतात. द्वारकेतल्या निम्म्या मराठी घरांची अब्रू सणावाराला त्यांच्या हातात असते. मी त्यांना फोन केला. “काकू, पंधरा पोळ्या, संध्याकाळी बरोबर सहाला. बाबा तेव्हा बागेत फिरायला जातात, सातपर्यंत येत नाहीत. पोळ्या गरम हव्यात आणि काकू, कुणाला बोलायचं नाही.”

“मी कशाला बोलू?” काकू म्हणाल्या आणि का कोण जाणे, फोनवर हसल्या. “सहालाच आणते. मला तसंही तिकडे यायचंय.”

होळीच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. साडेपाचला घरी येऊन बघते तर बाबा दिवाणखान्यात, दाराजवळच्या खुर्चीत, पायात चपला, हातात वर्तमानपत्र.

“बाबा, फिरायला नाही गेलात?”

“आज गुडघा जरा दुखतोय.”

“मग आत पडा ना थोडे.”

“नको. इथे बरं वाटतं. वारा येतो.” दार बंद होतं. वारा कुठून येणार होता?

“तू आज लवकर कशी?” त्यांनी विचारलं. मला त्यांचा आवाज जरा तक्रारीचा वाटला.

“पोळ्या करायच्या ना!”

“हां. पोळ्या.” त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. ते उलटं होतं, पण हेही मला नंतर आठवलं.

मी स्वयंपाकघरात धावले. एका पातेल्यात पाणी, गूळ, वेलची आणि जायफळ घालून उकळायला ठेवलं. डाळ नाही, काही नाही, नुसता वास. पाच मिनिटांत सगळ्या घरात पुरण शिजल्याचा असा काही घमघमाट सुटला की माझीच भूक चाळवली. गालाला पीठ लावलं. लेकीला हाक मारली.

“ये, हा बत्ता धर. कूट. मी दाराशी जाऊन काकूंकडून डबा घेऊन मागच्या गॅलरीतून... नाही, बाबांच्या समोरून... थांब, मला विचार करू दे.”

“मम्मा, किती वेळ कुटू?”

“मी थांब म्हणेपर्यंत.”

लेक कुटायला लागली. टण्, टण्, टण्. आणि तेवढ्यात बेल वाजली.

“मी बघते!” मी ओरडले.

“मी बघतो!” बाबा ओरडले.

गुडघा दुखणारा माणूस इतक्या चपळाईने उठलेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आम्ही दोघं एकदमच दाराशी पोचलो. कडीवर त्यांचा हात, त्यांच्या हातावर माझा.

“तू जा, गॅसवर काही असेल तुझं.”

“तुम्ही बसा बाबा, गुडघा!”

दार कोणी उघडलं ते आम्हाला दोघांनाही अजून सांगता येत नाही. पण ते उघडलं, आणि समोर काकू, दोन्ही हातांत दोन पिशव्या.

“हॅपी होली! दोघंही दारात? म्हणजे गुपित फुटलंच वाटतं,” काकू म्हणाल्या. “एकाच घरात दोन ऑर्डरी, माझी खेप वाचली बाई. या पंधरा तुमच्या. आणि या पंधरा आजोबांच्या. आजोबा, तुमची कटाची आमटी वेगळ्या डब्यात आहे हां, आडवी करू नका.”

  आतून टण्, टण्, टण् चालूच होतं. काकूंनी कान टवकारले.

“एवढं कुटणं चाललंय आत? मग पोळ्या कशाला मागवल्या?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गालावरच्या पिठाकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे बघून अत्यंत सभ्यपणे विचारलं, “सूनबाई, तुम्ही इथे. मग आत कोण कष्ट घेतंय?”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. पण तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला, “मम्मा, हात दुख रहा है, अजून किती?” आणि मी खाली पायपुसण्यावरच बसले. बाबा दाराच्या चौकटीला धरून हसत होते. काकूंना काही कळलं नव्हतं, पण त्याही हसत होत्या. लेक बत्ता हातात घेऊन बाहेर आली, तिने दोन पिशव्या पाहिल्या आणि एका शब्दात निकाल दिला, “एक्स्पोज्ड.”

काकू गेल्यावर आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मधोमध तीस पोळ्या.

“कधी कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी.”

“शक्यच नाही!”

“अगं, चाळीस वर्षं मी पलीकडच्या खोलीत बसून तो आवाज ऐकलाय. खलात दाणे असले की आवाज बसतो. धप्, धप्. खल रिकामा असला की टण् वाजतो. तू तर देवळातली घंटा वाजवत होतीस.” बाबा आता दिग्दर्शकाच्या खुर्चीत होते. “बांगड्यांची कल्पना चांगली होती. ‘हुश्श’ जरा जास्त व्हायचं. मी स्नेहसंमेलनात करवंट्या वाजवून घोडे पळवलेत, मला फसवतेस?”

“मग बोलला का नाहीत?”

“प्रयोग चालू असताना प्रेक्षकाने उठून बोलायचं असतं का?”

“आणि पाकिटं?”

इथे बाबा जरा चुळबुळले. “तो आईस्क्रीमचा डबा मी तिसऱ्या दिवशीच उघडला होता.”

“बाबा! तुम्हाला मधुमेह!”

“म्हणून तर कुणाला सांगता येईना. आईस्क्रीम खायला गेलो आणि आत मटार निघाले. तक्रार तरी कुणाकडे करू?”

मग त्यांनी माझ्या सगळ्या नाटकातली मोठी चूक सांगितली. “आणि आज काय करणार होतीस? पोळ्या आणल्यास. आमटी कुठून आणणार होतीस? डाळ शिजवली तर कट निघतो, कट निघाला की आमटी होते. पुरण केलंय म्हणणाऱ्या घरात आमटी नाही, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही कळलं असतं.” त्यांनी आपल्या पिशवीतून आमटीचा डबा काढून अभिमानाने मधे ठेवला. “बागेतल्या मंडळींकडून काकूंचा नंबर घेऊन मी सांगितली होती. मी म्हणणार होतो, शेजारच्या मंडळींनी दिलं. तू दमून येशील, तुला काही करावं लागायला नको.”

मी त्या डब्याचं झाकण उघडलं. मग मनात आलं ते विचारून टाकलं. “पण बाबा, तुम्हाला पाकिटातलं चालत नाही ना?”

“कोण म्हणालं? दोन वर्षं मी काय खात होतो असं वाटतं तुम्हाला? गरम पाण्याचा उपमा. तुझ्यापेक्षा चांगला करतो मी, तू पाणी जास्त घालतेस.”

“मग परत का चाललात?”

 बाबांनी लेकीच्या हातातला बत्ता घेतला, तळहातावर तोलला.

“रोज पहाटे तू उठतेस,” ते म्हणाले, “आणि मी आत पडून ऐकतो. संध्याकाळी तुझे डोळे लाल. स्टेशनं चुकतात तुझी, मला हिने सांगितलंय.” हिने म्हणजे लेकीने, आमच्या गुप्तहेराने. “मी आहे म्हणून हे सगळं चाललंय. मी गेलो की तू झोपशील. मग राहून कसं चालेल मला?”

“अहो, पण मी तुम्ही राहावं म्हणून कुटत होते!”

“आणि मी तू कुटू नयेस म्हणून चाललो होतो.”

“तुम्ही दोघंही ना,” लेक पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, “टू मच आहात.”

मी म्हटलं, “मला वाटलं, आईंसारखं घर असलं की तुम्हाला करमेल.”

“तिला कुटायला आवडायचं असं तुला कोण म्हणालं?” बाबा बत्त्याकडे बघत बोलत होते. “संध्याकाळी खांदा धरायचा तिचा. शेक घ्यायची. मला आवाज आवडायचा, म्हणून मी बाहेर बसून ऐकायचो. तिला ते ॲप मिळालं असतं ना, तर तिने हा खलबत्ता माझ्या हातात दिला असता आणि म्हणाली असती, आता तुम्ही वाजवा.”

 मी त्यांच्या ताटात पोळी वाढली. वर तूप घातलं, जरा सढळ हाताने.

त्याच क्षणी दारात किल्ली फिरली आणि नवरा आत आला. नोएडाहून आलेला, दमलेला, केसांत कुणीतरी लावलेला हिरवा गुलाल. टेबलावर पोळ्यांचा डोंगर, आम्ही तिघं त्याच्याभोवती, माझ्या गालावर पीठ. त्याला वाटलं, प्रयोग ऐन रंगात आलाय. त्याने बूटही काढले नाहीत. पुढे होऊन एक घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि या वेळी, दोन महिन्यांत पहिल्यांदाच, अगदी अचूक टायमिंगने म्हणाला, “बाबा, आईच्या हातची आठवण आली की नाही?”

बाबांना आमटीचा ठसका लागला. लेक खुर्चीवरून घसरली. नवरा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. “क्या हुआ? चुकलं का काही?”

“नाही रे,” बाबा डोळे पुसत म्हणाले. “आज जमलं तुला. जा, हात धू, आणि मग ते तिकीट कसं रद्द करतात ते मला दाखव.”

नवऱ्याने हात धुतलेच नाहीत. तुपाच्या बोटांनीच फोन काढला. त्या फोनच्या काचेवर तुपाचा डाग बरेच दिवस होता आणि तो पुसू देत नव्हता.

त्यानंतर आमच्या घरात नवी व्यवस्था आली. आईस्क्रीमच्या डब्यातला माल उजळ माथ्याने फ्रीजरमध्ये राहायला गेला. मी पहाटे झोपलेली असते. सकाळचा गरम पाण्याचा उपमा बाबा करतात, पाणी मोजून. आणि खलबत्ता त्यांनी मागून घेतला. संध्याकाळी मी घरी यायच्या सुमारास ते दाणे भाजतात, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालतात आणि खुर्चीवर बसून शेंगाची चटणी कुटतात. लिफ्टचं दार उघडलं की मला आवाज येतो. धप्, धप्, धप्. दिवसभराच्या फायली तिथेच लिफ्टमध्ये गळून पडतात. खालच्या आंटींकडे वाटीभर चटणी जाते, म्हणून त्यांची तक्रार नाही. उलट एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर त्याच विचारतात, “अंकल ठीक हैं ना?”

परवाचीच गोष्ट. एक बैठक रद्द झाली आणि मी नेहमीपेक्षा लवकर घरी आले. लिफ्टचं दार उघडलं. आवाज येत होता.

टण्. टण्. टण्.

मी जागच्या जागी थांबले. चपला काढून हातात घेतल्या आणि पाऊल न वाजवता जाळीच्या दारापर्यंत गेले. आत बाबा खुर्चीवर बसले होते. डाव्या हातात वर्तमानपत्र, या वेळी सुलटं, आणि नजर त्यातच. उजव्या हाताने ते निवांतपणे रिकामा खल बडवत होते, माझ्या यायच्या वेळेआधी रंगीत तालीम करावी तसे. समोर टेबलावर सोलापुरी शेंगाचटणीचं कापलेलं पाकीट होतं आणि शेजारी काठोकाठ भरलेली वाटी. मध्येच ते थांबले, दाराच्या दिशेने तोंड करून जरा मोठ्याने म्हणाले, “हुश्श!” आणि पुन्हा कुटायला लागले.

मी तशीच मागे फिरले, जिना उतरून खाली गेले आणि बागेतल्या बाकावर आंटींशेजारी थोडा वेळ बसून राहिले. नेहमीची वेळ झाल्यावर वर आले आणि बेल दाबली, चांगली लांब. आत काहीतरी चुरगळल्याचा आवाज आला, एक ड्रॉवर बंद झाला, मग दार उघडलं.

“दमलात ना बाबा कुटून?”

“हो गं,” बाबा खांदा चोळत म्हणाले. “आज जरा जास्तच बारीक कुटली गेली.”

जेवायला बसल्यावर मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, घास घेतला आणि डोळे मिटून मान डोलावली. मग दुसऱ्यांदा वाढून घेतली.